सृष्टीच्या अंगणात : नाव ठेवावे की नावे ठेवावीत?

मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्यास पाळण्यात घालावे आणि आत्याने कानात हळूच नाव सांगावे, ही आपली घरोघरची रीत. परक्या मुलुखातील एखाद्या जिवाची ओळख मराठीत करून द्यावयाची झाली, तर हे बारसे भाषांतरकाराच्या माथी येते. आणि तेथे साह्याला आत्याही नसते व पंचांगही नसते. या खेपेस ज्या पाहुण्यास आम्ही आपल्या अंगणात आणले आहे, त्याच्या नावाशी आम्ही बराच वेळ झगडत बसलो. ही हकीकत आपणांस सांगावीशी वाटते, कारण ती सांगता सांगता पाहुण्याची ओळखही आपोआप होऊन जाईल.

हा पाहुणा एक भुंगेरा आहे. त्याचा मुलूख फार दूरचा. मेक्सिकोपासून दक्षिणेस ब्राझीलपर्यंत आणि त्याही पलीकडे अर्जेंटिनाच्या उत्तर सीमेपर्यंत पसरलेली जी उष्ण अरण्ये आहेत, ती त्याचे घर. ज्यांच्या मिशा, म्हणजे डोक्यावरील शृंगिका, शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब असतात, अशा भुंगेऱ्यांचे एक विशाल कुळ आहे. शास्त्रज्ञांनी त्यातील ३५,००० हून अधिक जाती आजवर नोंदविल्या आहेत. आमचा पाहुणा त्या कुळातील सर्वांत देखण्या मंडळींपैकी एक. पूर्ण वाढलेला भुंगेरा सुमारे ७ सेंटिमीटर लांब, म्हणजे आपल्या तर्जनीएवढा भरतो. त्याच्या पाठीवरील ढालीसारख्या कठीण पंखांवर काळ्या मखमलीची पार्श्वभूमी, तीवर हिरवट-पिवळ्या रंगाची वळणे आणि मध्येच लाल-नारिंगी पट्टे अशी नक्षी असते. डाव्या पंखावर जी आकृती, तीच उजव्या पंखावर. हे रंग गुळगुळीत वार्निशासारखे नसतात. अगदी बारीक लव दाट बसून ही नक्षी तयार झालेली असते. जुन्या लुगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे जोडून आजीने शिवलेली वाकळ कोणी याच्या अंगावर घातली आहे की काय, असा भास व्हावा.

युरोपीय लोकांनाही हाच भास झाला. इटलीत सोळाव्या शतकापासून लोकनाट्याची एक परंपरा होती. तीत अर्लेकीनो नावाचा एक खट्याळ नोकर असे. त्याचा अंगरखा नाना रंगांच्या ठिगळांचा. रंगमंचावर तो आला की प्रेक्षकांची नजर दुसरीकडे जात नसे. इंग्रजीत त्याचाच हार्लेक्विन झाला, आणि या भुंगेऱ्यासही तेच नाव मिळाले. ब्राझीलमध्येही त्याला पोर्तुगीज भाषेतील याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

तेव्हा आमच्या मनात पहिले नाव आले ते ‘विदूषक’. आपल्या संस्कृत नाटकांत विदूषक आहे, तमाशात सोंगाड्या आहे. तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु थोडे अधिक वाचल्यावर ध्यानात आले की, हे नाव या भुंगेऱ्यावर अन्याय करणारे आहे. विदूषकाचा वेष लोकांनी पाहावा म्हणून असतो. याचा वेष मात्र कोणी पाहू नये म्हणून आहे!

हे विधान विचित्र वाटेल. कारण पुस्तकाच्या पांढऱ्या पानावर किंवा काचेच्या पेटीत हा भुंगेरा डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. पण पांढरे पान हे काही त्याचे घर नव्हे. उष्ण व ओलसर अरण्यातील जुने खोड आपण डोळ्यांसमोर आणा. त्याची साल काळपट असते. तीवर मसाल्यात आपण वापरतो त्या दगडफुलासारखे हिरवट-करडे थर चढलेले असतात. जागोजाग फळीसारखी अळंबी उगवलेली असते. उन्हाचे कवडसे पानांतून गळून सालीवर तुकड्यातुकड्यांनी पडलेले असतात. अशा खोडावर हा भुंगेरा पाय पसरून निश्चल बसला की, त्याच्या पाठीवरील नक्षी तुटून सालीत मिसळून जाते. मादी अंडी घालण्यासाठी अळंबीने भरलेले खोड पसंत करते, असे आढळले आहे. म्हणजे हा सोंगाड्या नसून बहुरूपी आहे. आणि त्याचे सोंग असे की, पाहणाऱ्याने त्याला झाडच समजावे.

मग ‘बहुरूपी’ हेच नाव का ठेवू नये? ठेवता आले असते. परंतु त्याचे शास्त्रीय नाव पाहिल्यावर आम्ही पुन्हा थबकलो. स्वीडनच्या लिनीअस या शास्त्रज्ञाने सर्व प्राण्यांस पद्धतशीर नावे देण्याचा जो उद्योग केला, त्यातील १७५८ सालच्या ग्रंथात या भुंगेऱ्याचा समावेश आहे. आज त्याचे पूर्ण नाव अॅक्रोसायनस लाँगिमॅनस असे आहे. त्यातील दुसरा शब्द लिनीअसने दिलेला. त्याचा अर्थ ‘लांब हातांचा’. रंगांचा त्यात उल्लेखही नाही. लिनीअसला महत्त्वाचे वाटले ते याचे पुढचे पाय. मोठ्या नराचे पुढचे पाय त्याच्या सबंध शरीराहूनही लांब असतात. मादीचे पायही लांब असतात, परंतु नराच्या मानाने बरेच आखूड. मराठीत यासाठी एक भारदस्त शब्द आयताच आहे. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात, तो ‘आजानुबाहू’. महाकाव्यांतील वीरांचे हे लक्षण मानले जाते.

हे बाहू नुसते शोभेचे नसतात. मादी ज्या खोडावर अंडी घालण्यास येते, त्या खोडावर नरांची गर्दी होते. जागा आणि मादी या दोहोंसाठी ते परस्परांशी झुंजतात. डेव्हिड झे व जीन झे या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्याने या झुंजींचा अभ्यास करून १९९२ साली एका सहकाऱ्यासह आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आकाराने मोठे आणि लांब पायांचे नर या झुंजींत सरस ठरतात, असे त्यांना दिसून आले. जो जिंकतो त्याचा वंश वाढतो, आणि त्याच्या लांब पायांचा वारसा पुढच्या पिढीस मिळतो. असे पिढ्यान्पिढ्या घडून पाय शरीरास मागे टाकून गेले.

म्हणजे रंग आहेत लपण्यासाठी, आणि पाय आहेत लढण्यासाठी. एकाच देहात ही दोन्ही साधने! तरीही आमचा नावाचा शोध येथे संपला नाही. झे दांपत्याने या भुंगेऱ्याच्या पंखांखाली जे पाहिले, त्यामुळे आणखी एक नाव पुढे आले.

नेहमी उडताना भुंगेऱ्याचे वरचे कठीण पंख उघडतात, आणि त्यांच्या खालचे पातळ पंख हलू लागतात. या कठीण पंखांच्या आडोशाला, भुंगेऱ्याच्या पोटावर, पुष्कळदा काही चिमुकले प्रवासी बसलेले आढळतात. विंचवासारख्या दोन नांग्या, चार पायांच्या जोड्या. परंतु नांगी मारणारी शेपटी मात्र नाही. त्यांना आपण ‘खोटे विंचू’ म्हणू. ते काही मिलिमीटरांचे असतात आणि माणसाला त्यांचा उपद्रव नाही. त्यांच्या संगतीला कोळीवर्गातले आणखी सूक्ष्म किडेही कधी कधी असतात.

हे खोटे विंचू तेथे काय करतात, याविषयी पूर्वी तर्कवितर्क पुष्कळ झाले. भुंगेऱ्याच्या अंगावरील बारीक किडे खाण्यासाठी ते चढतात, असे काहींना वाटे. झे दांपत्याने पनामाच्या अरण्यात दीर्घकाळ निरीक्षण करून दाखविले की, ही मंडळी मुख्यतः प्रवासासाठी चढतात. खोट्या विंचवांना पंख नाहीत. त्यांचे जग म्हणजे अरण्यात कोसळलेले एखादे कुजते झाड. तेथे त्यांना अन्न आहे, आसरा आहे, संसार आहे. परंतु कुजते झाड हे काही कायमचे गाव नव्हे. काही काळाने लाकडाचा भुगा होतो आणि वस्ती उठवावी लागते. दुसरे पडलेले झाड मधल्या रानाच्या पलीकडे असेल. तेथे त्या चिमुकल्या पायांनी जाणार कसे?

अशा वेळी भुंगेरा उपयोगी पडतो. नवी मादी अंडी घालण्यास ताजे पडलेले झाड शोधते, तेव्हा तिच्या पाठीवरून खोटे विंचू त्या झाडावर येतात आणि रेशमासारखा धागा सोडून खाली उतरतात. भुंगेऱ्याची अंडी उबतात, अळ्या वाढतात. इकडे खोट्या विंचवांच्याही पिढ्या त्याच झाडात नांदतात. झाड जुने होते, तेव्हा त्यातून नवे भुंगेरे बाहेर पडतात. आणि वस्ती सोडण्याच्या बेतात असलेले खोटे विंचू त्यांच्या पोटावर चढून नव्या गावाला निघतात. आईच्या पाठीवरून आले आणि लेकराच्या पाठीवरून गेले! सारा हिशेब किती चोख आहे, पाहा. या प्रवासातही काही लबाड आहेतच. एखादा दांडगा नर बाकीच्या नरांना हुसकून देतो, आपण मात्र झाड आले तरी उतरत नाही. रेल्वेच्या डब्यात पथारी पसरून जागा अडविणाऱ्या उतारूसारखा तो तेथेच ठाण मांडतो, आणि पुढच्या झाडावर चढणाऱ्या माद्यांची वाट पाहतो.

आपल्या पुराणांत प्रत्येक देवतेला तिचे वाहन आहे. गणपतीसारख्या स्थूल देवाला उंदीर पुरतो. तेव्हा या भुंगेऱ्यास ‘वाहन’ किंवा ‘पालखी’ म्हणावे, असाही एक विचार मनात येऊन गेला.

आतापर्यंत आपण त्याचे वैभव पाहिले. परंतु रंगीत पंख, लांब बाहू, पाठीवरचे उतारू ही सारी त्याच्या आयुष्याची शेवटची अवस्था होय. त्याचा बहुतेक काळ जातो तो अंधारात. जर्मनीत जन्मलेली मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, आपल्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. किडे पाहण्यासाठी आणि त्यांची चित्रे काढण्यासाठी त्या काळी एका स्त्रीने समुद्र ओलांडावा, ही गोष्टच असामान्य! तिचा भव्य चित्रग्रंथ १७०५ साली अॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला कीटक या अवस्था ज्या झाडावर घडतात त्या झाडासह दाखवावयाच्या, ही तिची पद्धत. आमचा भुंगेराही त्या ग्रंथात आहे. तो लिंबाच्या जातीच्या एका फांदीच्या चित्रात, आपल्या सर्व रंगांनिशी आहे. परंतु त्याची अळी तेथे नाही. इतक्या साक्षेपी चित्रकर्तीच्या चित्रातही ती आलेली नाही. कारण लाकडाच्या आत चालणारे आयुष्य सहजी कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

ते आयुष्य असे आहे. मादी मरू घातलेल्या किंवा नुकत्याच कोसळलेल्या झाडाच्या सालीत जबड्याने खाच पाडते आणि दोन-तीन दिवसांत १५ ते २० अंडी घालते. रानटी अंजिराची झाडे, म्हणजे आपल्या वड, पिंपळ, उंबर यांची अमेरिकेतील भावंडे, तिला विशेष प्रिय. इतरही पुष्कळ झाडे तिला चालतात. अंड्यातून निघालेली पांढुरकी अळी लाकूड पोखरीत आत शिरते. सात-आठ महिन्यांत ती १३ सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे पुढे होणाऱ्या भुंगेऱ्याहूनही लांब होते. मग ती लाकडात आणखी खोल जाऊन एक खोली कोरते आणि तेथे कोषावस्थेत जाते. सुमारे चार महिन्यांनी रंगीत भुंगेरा लाकूड कुरतडून उजेडात येतो. अशा प्रकारे एका वर्षात त्याचा जीवनक्रम पुरा होतो.

या अळीला रानात कोणते नाव द्यावे? पडलेल्या झाडाचा लाकूडफाटा जसाच्या तसा राहिला, तर अरण्यात पाय ठेवण्यास जागा उरणार नाही. अळी बोगदे पाडते. त्यांतून हवा, पाणी आणि बुरशी आत जाते. लाकूड लवकर कुजते आणि त्याची माती होते. त्याच मातीवर नवे रोप उभे राहते. तेव्हा रानात ही अळी झाडाचा काळ नव्हे; मेलेल्या झाडाची उत्तरक्रिया करणारी ती आहे.

परंतु, वाचकहो, आपण ब्राझीलमधील एखाद्या बागाइतदाराला विचारले, तर तो हे नाव मान्य करणार नाही. फणस हा आपल्या पश्चिम घाटाचा वृक्ष. पोर्तुगीज लोकांनी तो हिंदुस्थानातून ब्राझीलला नेला, आणि तेथे तो असा रुजला की, रिओ शहराजवळच्या अरण्यात आज तो अतिक्रमण करणारा वृक्ष मानला जातो. फणस आणि अंजीर ही एकाच कुळातील, कोयता लागला की पांढरा चीक गाळणारी झाडे. भुंगेऱ्याने हे नाते ओळखले. परमुलखातून आलेला फणसही त्याने आपल्या यादीत घेतला. ज्याच्या दारी तो फणस आहे, तो या सुंदर भुंगेऱ्याला सरळ ‘कीड’ म्हणतो.

कोकणातील वाचकांस यात नवल वाटणार नाही. त्यांच्या आंब्याला जो ‘भिरूड’ लागतो, तो याच कुळातील, नव्हे, याच उपकुळातील भुंगेरा आहे. तो करड्या रंगाचा असून त्याच्या मानेवर दोन नारिंगी ठिपके असतात. रंगांची श्रीमंती त्याच्याकडे नाही, पण अळीची रीत तीच; आणि आंब्याखेरीज फणस व अंजीरही त्याला वर्ज्य नाही. खोडाला भोक दिसावे, भोकातून भुसा गळावा आणि वडिलांनी लावलेले कलम एखाद्या हंगामात फांदी फांदी करून वाळावे, हे ज्याने पाहिले आहे त्याला किड्याच्या सौंदर्याचे प्रवचन कोणी देऊ नये. तारेचा आकडा घालून अळी ओढून काढणे, भोक बुजविणे, वाळलेल्या फांद्या तोडून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, हे त्याचे कर्तव्यच आहे. पोटच्या मुलासारख्या वाढविलेल्या झाडाचे रक्षण त्याने केलेच पाहिजे.

येथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवढे अंतर आहे! पहिले बारशाच्या दिवशी करावयाचे. दुसरे शेजारीपाजारी जन्मभर करीत असतात. किडामुंगीच्या बाबतीत मात्र आपण पहिले न करताच दुसऱ्यास लागतो. बागेत जे खरे, ते सर्वत्र खरे असे आपण धरून चालतो. म्हणून रानात, डोंगरावर, देवराईत पडलेले झाडही आपल्या डोळ्यांस खुपते. ‘काय ही अस्वच्छता!’ असे म्हणून आपण ते उचलून नेतो आणि जागा झाडून लख्ख करतो. परंतु ज्याला आपण केर म्हणतो, ते कोणाचे तरी गाव असते. ब्राझीलच्या किंवा पनामाच्या अरण्यातून पडलेली झाडे सारी उचलली, तर तो रंगीत भुंगेरा अंडी कोठे घालील? भुंगेरा गेला, तर खोट्या विंचवांना दुसऱ्या झाडावर कोण नेईल? आपल्या रानांत या पाहुण्याचे भाईबंद आहेत. आणि तेथील नियम निराळा नाही.

या ‘किडी’ची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बुरशीने भरलेल्या लाकडात राहणारा हा जीव. त्याच्या शरीरातून शास्त्रज्ञांनी बुरशीला रोखणारे काही सूक्ष्म प्रथिनसदृश पदार्थ वेगळे काढले, आणि त्यांपैकी एकाची रचना २००३ साली प्रसिद्ध केली. माणसाला रोग देणाऱ्या एका बुरशीवर तो परिणामकारक ठरला. प्रयोगशाळेतील शोध आणि दुकानातील औषध यांत फार मोठे अंतर असते, म्हणून यावरून मोठी आशा बांधू नये. परंतु ज्या किड्याचे आपण पूर्ण नावही घेतलेले नाही, त्याच्यापाशी काय काय असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

तर मग नाव काय ठेवावे? इटलीची नाटके पाहिलेल्याने रंग पाहिले आणि त्याला विदूषक म्हटले. लिनीअसने पाय पाहिले. झे दांपत्याने त्याच्या पाठीवरचे प्रवासी पाहिले. बागाइतदाराने आपले वाळणारे झाड पाहिले. प्रत्येकाचे नाव खरे, आणि प्रत्येकाचे अपुरे. आम्ही आपल्यापुरते ‘आजानुबाहू’ हे नाव पसंत केले आहे. कारण ते कानास गोड लागते, आणि त्यात त्याची स्तुतीही नाही व निंदाही नाही. आपल्या घरातील मुलांना याहून चांगले नाव सुचल्यास ते त्यांनी खुशाल ठेवावे.

मात्र मुलांना एक काम अवश्य सांगावे. गावाबाहेरच्या माळावर किंवा टेकडीवर पडलेले एखादे जुने लाकूड दिसले, तर ते हलवू नये, त्यात हात घालू नये. जवळ बसून थोडा वेळ नुसते पाहावे. सालीवरचे भोक कोणी पाडले, भुसा कोठून गळतो, अळंबी कोणत्या बाजूस उगवली, हे वहीत टिपावे आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा येऊन पाहावे. त्यांना तेथे लाल-पिवळी वाकळ पांघरलेला आजानुबाहू भेटणार नाही; तो फार दूर, दुसऱ्या गोलार्धात राहतो. परंतु त्याचा एखादा करडा, साधा, अद्याप मराठी नाव न मिळालेला भाऊबंद भेटण्याचा संभव आहे. तो भेटला, तर त्यास नावे ठेवण्यापूर्वी त्याचे बारसे करावे, एवढीच आमची विनंती.